घराण्याची मूळव्याध

शनिवार पेठ, पुणे
१९ जानेवारी २०२५

हिंदुराव,

सवयीनं वर 'चिरंजीव' लिहिलं, मग खोडलं, मग कागदच बदलला. तीन वर्षांपूर्वी नानांच्या वर्षश्राद्धाला चार माणसांसमोर तू म्हणालास की आजपासून मला बहीण नाही. त्यानंतर थोरल्या बहिणीनं आशीर्वाद कोणत्या अधिकारात द्यायचा, हे मला अजून कळलेलं नाही. फोन तू घेत नाहीस. तेजस म्हणाला, पप्पांनी तुझा नंबर बंदच करून टाकलाय, आत्या. पोस्टमनला मात्र तुला बंद करता येणार नाही, म्हणून हे पत्र.

जमिनीबद्दल आणि मी न केलेल्या त्या सहीबद्दल यात एक अक्षर नाही. तेव्हा फाडायच्या आधी वाच.

दिवाळीनंतर मला धाप लागायला लागली. मंडईतून पिशवी घेऊन आले की जिन्यात कठड्याला धरून उभी राहायचे. वय झालं म्हणून सोडून दिलं होतं, पण तुझी भाची तनुजा ऐकेना. तिनं रक्त तपासायला लावलं, ते फारच कमी निघालं. मग शौचाची तपासणी झाली, त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. शेवटी खालून दुर्बीण घालून आतडं बघितलं. कोलोनोस्कोपी म्हणतात तिला. गुंगी देतात, काही म्हणजे काही कळत नाही. आतड्याच्या आतल्या अंगाला एक कोंब फुटला होता, पॉलिप. तो त्यांनी दुर्बिणीतूनच काढून टाकला. किरकोळ होतं. दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते.

लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमचे वडील कशानं गेले?" मी म्हणाले, "मूळव्याधीनं. आमच्या घराण्यातच आहे ती. वाळत वाळत गेले." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मूळव्याधीनं माणूस असा वाळत जाऊन मरत नाही, बाई. त्यांना कधी कुणी तपासलं होतं का?"

कोण तपासणार? आपल्या घरात परसाकडे रक्त पडलं की सुरणाची भाजी व्हायची, ताक व्हायचं, इसबगोल यायचं आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही असं ठरलेलं असायचं. सून आली की आई तिला पुरणाच्या आधी सुरण शिकवायची. चंपाला विचार. आपण त्यावर हसायचोसुद्धा, आठवतं का? नाना शेवटच्या वर्षी खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यासारखे दिसत होते आणि आपण त्यांना आणखी सुरण वाढत होतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भावंडं असतील त्यांना सांगा, उशीर करू नका. मला एकच भावंड आहे.

तपासून घे. एवढंच मागणं आहे.

आक्का

शनिवार पेठ
३० जानेवारी

हिंदुराव,

तुझं उत्तर तेजसच्या मोबाइलवरून मिळालं. "पप्पा म्हणतायत, आत्याला सांग, आजाराचं भांडवल करू नको. आमी ठणठणीत हाय." खाली त्यानं स्वतःच्या मनानं "सॉरी आत्या" असं घातलं आहे. मुलगा बापापेक्षा बरा निघाला.

ठणठणीत माणूस जन्मभर घातलेली पांढरी विजार एकाएकी सोडत नाही. हल्ली तू काळी पँट घालतोस म्हणे, घरातसुद्धा. आणि ती स्वतः धुतोस. ज्या माणसानं कधी स्वतःचा रुमाल पिळला नाही, तो. मला हे कुणी सांगितलं ते विचारू नकोस. चंपाला तर मुळीच विचारू नकोस, तिचा याच्याशी काही संबंध नाही.

मागच्या पत्रात मी माझं किरकोळ निघालं असं लिहिलं, ते खरं नव्हतं. तू घाबरून पाऊल मागे घेशील म्हणून तसं लिहिलं. पॉलिप चांगला सुपारीहून मोठा होता. तपासणीचा अहवाल आला त्यात लिहिलं होतं की पेशी बिघडायला लागल्या आहेत, आणि बऱ्याच पुढच्या टप्प्यापर्यंत बिघडल्या आहेत. कॅन्सर नव्हे. त्याच्या आधीची पायरी. "आणखी वर्ष-दोन वर्षं थांबला असता तर आपण वेगळ्या विषयावर बोलत असतो," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुळापासून निघाला, कडा स्वच्छ आल्या. म्हणून मी तुला हे टेबलाशी बसून लिहू शकते.

मी विचारलं, सगळेच पॉलिप असे नासतात का? नाही म्हणाल्या. बहुतेक जन्मभर निरुपद्रवी राहतात. नासतात ते वाढू दिलेले. वय झालेल्या माणसाचे जास्त, त्यातही पुरुषांचे. सिगरेट असेल, दारू असेल, पोटाचा घेर असेल, साखर असेल तर आणखी. आणि घरात आधी कुणाला झालं असेल तर विचारूच नका. त्या बोटांवर मोजत होत्या आणि मला एकेका बोटाला तू दिसत होतास. माझ्याकडे यातलं काय होतं? वय आणि नाना. तेवढ्यावर माझं हे निघालं.

त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी रडले. मला माझं काही वाटलं नाही, माझं तर निघालं होतं. नानांच्या जमिनीतला हिस्सा सोडला नाही म्हणून तू मला माहेरातून बाहेर काढलंस. हा दुसरा हिस्सा मी मागितला नव्हता, तूही मागितला नव्हतास. तो दोघांच्या नावावर आपोआप चढलाय, आणि सोडतो म्हणून सुटत नाही.

मला तुझी फार भीती वाटते. जा रे.

आक्का

शनिवार पेठ
९ फेब्रुवारी

हिंदुराव,

परवा गाडीवरून उतरताना तू झोक जाऊन पडलास. दुकानदारांनी उचलून पाणी पाजलं आणि तू त्यांना ऊन लागलं म्हणून सांगितलंस. फेब्रुवारीत. बरं.

मी आज सरळ व्यवहाराचं बोलते, कारण बहिणीचं बोलणं तुला ऐकू येत नाही असं दिसतं.

गाव महापालिकेत गेलं, बिल्डर दारात आला आणि माझ्या एका सहीसाठी तुझं सगळं अडून राहिलं, हे मला माहीत आहे. गावातल्या सगळ्या बहिणी हक्कसोड करून गेल्या. भावानं साडी द्यायची, बहिणीनं अंगठा द्यायचा, जेवून परत जायचं. एकटी मी बसून राहिले. लोक म्हणाले, मास्तरीण शिकली म्हणून हावरी झाली. तुलाही तेच वाटलं. मला प्लॉट नको होता, हिंदुराव. नानांच्या मागे उताऱ्यावर तुझ्या नावाखाली माझं नाव लागलं, तेव्हा पहिल्यांदा कुठल्यातरी कागदानं मला त्या घरातलं धरलं. ते स्वतःच्या हातानं पुसायला माझा हात धजेना, एवढीच माझी हाव.

आता पुसते. तू दुर्बिणीची तपासणी करून घे, मी हक्कसोडपत्रावर सही करते. सगळ्या हिश्शावर, काही मागे न ठेवता. सही आधी, तपासणी नंतर. तुझा माझ्यावर विश्वास नाही, माझा तुझ्यावर आहे.

ह्यांना सांगितलेलं नाही. तनुजाला तर नाहीच, ती दुसऱ्या दिवशी वकील आणून बसवेल. तेजसकरवी दिवस कळव. आधार कार्ड घेऊन येते.



आक्का

शनिवार पेठ
२१ फेब्रुवारी

हिंदुराव,

काल रजिस्टर ऑफिसात तू माझ्याशी मोजून चार शब्द बोललास, तेव्हा बाकीचं लिहूनच सांगते.

तू किती उतरला आहेस हे तुला कळतं का? पोट आहे तिथेच आहे, पण गळ्याखाली सदरा मोकळा झालाय. यंत्रावर तुझा अंगठा उमटेना. कारकून वैतागून म्हणाला, आजोबा, हात पुसा. मी पदरानं तुझा हात पुसला आणि तू तो ओढून घेतला नाहीस. थंडगार होता. नखं कागदासारखी पांढरी. माझीही दिवाळीत तशीच होती. त्या क्षणी कुणी मला शनिवारवाडा लिहून मागितला असता तरी मी सही केली असती.

मग चंपानं साडी पुढे केली. मोरपंखी. मी घेतली, घडी मोडून नेसेन. तू म्हणालास, "झालं का आता तुज्या मनासारखं?" मी म्हटलं, अजून नाही. तर म्हणालास, "जाईन म्हनलं ना. शब्द हाय माझा." तेवढ्यावर मी घरी आले आणि कितीतरी महिन्यांनी मला भूक लागली.

तारीख घेतली आहे, २७ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी आठ. त्या दिवशी अमावास्या आहे म्हणून तू कुरकुर करशील, ते ओळखून मी पंचांग उघडून बघितलं. अमावास्या नऊच्या सुमाराला लागते. त्याच्या आत तुझं आटोपलेलं असेल. डॉक्टरीणबाईंना यातलं काही बोलू नकोस.

आदल्या दिवशी सकाळी हलकं खायचं, नंतर जेवण नाही. नुसतं पाणी, शहाळं, गाळलेली पेज. संध्याकाळपासून पावडर कालवलेलं पाणी प्यायचं, चव घाण आहे, नाक दाबून पी. आतडं आरशासारखं लख्ख व्हायला हवं, नाहीतर दुर्बिणीला काही दिसत नाही. कागद चंपाकडे दिला आहे. साखरेच्या गोळ्यांचं डॉक्टरांना फोनवर विचारून घ्या.

मी तिथे बाहेर बसेन. तुझ्याशी बोलणार नाही, घाबरू नकोस.

आक्का

शनिवार पेठ
२८ फेब्रुवारी

हिंदुराव,

काल तू तरातरा निघून गेलास, तेव्हा डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तू ऐकलं नाहीस. मी ऐकलं, ते लिहिते.

तुला आत नेलं आणि मी जप करायला घेतला तोच त्या बाहेर आल्या. म्हणाल्या, "गुंगी द्यायच्या आधीच बघितलं, आतडं भरलेलं आहे. दाण्याचे तुकडे, साबुदाणा. पहिल्या वळणापुढे मला जाताच आलं नाही." मी चंपाकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "वन्सं, आईशप्पथ, अन्नाचा कण दिला न्हाई मी त्यास्नी. महाशिवरात्र हुती ना. नुसती खिचडी, भगर अन् दाण्याची आमटी."

मी तिला काय बोलणार? आपल्या घरात उपवासाचं खाणं कधी खाण्यात धरलंच नाही. आई निर्जळी उपास म्हणून रताळी खायची. चंपानं कागद वाचला, जेवण नाही असं लिहिलं होतं, तिनं जेवण दिलं नाही. आणि मी शहाणी, मुलांना आयुष्यभर पूर्ण वाचायला शिकवणारी, पंचांगात अमावास्येची वेळ बघत बसले आणि तिच्या वरची ओळ वाचली नाही. वरच महाशिवरात्र लिहिलेली होती.

तू कपडे चढवून बाहेर आलास आणि म्हणालास, "शब्द दिला हुता, आलो. तू तपास म्हनलीस, तपासलं. आता पुन्यांदा न्हाई." मी मागे आले तर रिक्षात बसून निघून गेलास, चंपाला सोडून.

आता ऐक. जेवढं दिसलं तेवढ्या भागात मूळव्याध नाही. औषधाला नाही. रक्त वरून येतंय, दुर्बीण जिथे पोचली नाही तिथून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांना याच आठवड्यात परत आणा. साधा पॉलिप असेल तर मी काढते, बिघडायला लागलेला असेल तरी काढते. त्याच्या पुढे गेलेला असेल तर मात्र एकेक दिवस महाग आहे." हे मी त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलं आहे, माझं काही घातलेलं नाही.

हिशोबानं तुझं बरोबर आहे. तपासणीला ये म्हटलं होतं, तू आलास. आतडं रिकामं करून ये असं आपल्या सौद्यात नव्हतं. मी तुझ्याशी वाद घालत नाही. मी पाया पडते तुझ्या, थोरली असून पडते. एकदा ये. ज्या वयात घरातली पोरं आपल्याला हाताला धरून नेतात, त्या वयात तू तेजसला दमात घेऊन गप्प बसवतोस आणि चंपा मोरीत जाऊन रडते. होय, चंपाच मला फोन करते, शेजारणीच्या मोबाइलवरून. आता लपवून काय करू? तिच्यावर ओरडायचं असेल तर ओरड, पण ओरडायला अंगात रक्त लागतं.

ह्यांना सहीचं कळलं. दोन दिवस स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं. आज सकाळी चहा घेताना एवढंच विचारलं, "भाऊ तपासून आला ना?" मी हो म्हणाले. ते खोटं ठरू देऊ नकोस.

माझ्याकडे तुला द्यायला आता काही राहिलेलं नाही. असतं तर तेही लिहून दिलं असतं.

आक्का

तुझ्याच घरातून, पुढच्या खोलीतून
९ मार्च, रविवार, दुपार

हिंदुराव,

आठवडाभर वाट बघितली, तुझं उत्तर नाही. काल चंपानं सांगितलं की तू भिंतीला धरून चालतोस. म्हणून मी आले. मी पायरी चढताना तुला दिसले आणि तू आत जाऊन कडी घातलीस. या वयात. तू सातवीत नापास झालास तेव्हाही हेच केलं होतंस.

बोललेलं तू ऐकत नाहीस, कानावर उशी घेतोस असं तेजस म्हणाला. म्हणून लिहून दाराखालून सरकवते आहे. कागद आत ओढून घेतलास तर मला इथून दिसेल.

उद्या सकाळची आठची वेळ घेतली आहे. आज दशमी, कसलाही उपास नाही, या वेळी पंचांगाच्या वरच्या आणि खालच्या सगळ्या ओळी वाचल्या. सकाळपासून घरात पेजेशिवाय काही शिजलेलं नाही. चंपा जेवली नाही, तेजस नाही, मीही नाही. दाण्याचा डबा, साबुदाणा, भगर, सगळं उचलून शेजारणीकडे ठेवून आले. ती विचारत होती, काय झालं? मी सांगितलं, माझ्या भावाला रक्त पडतंय, आतड्याचं काहीतरी आहे, उद्या तपासायचंय. खणखणीत आवाजात सांगितलं. ऐकून तिनं तोंडाला पदर लावला नाही. म्हणाली, माझ्या दिरालाही झालं होतं, वेळेत काढलं. कितीतरी वर्षं ती भिंतीपलीकडे राहते, तिला विचारायची आपल्याला लाज वाटली.

तू आत काय करतोस ते मला माहीत आहे. नाना हेच करायचे. शेवटच्या दिवसांत याच खोलीत दार लोटून बसायचे, आणि आपण दोघं बाहेर गप्प. त्यांना कण्हताना ऐकू यायचं. तू माझ्याकडे बघायचास, मी तुझ्याकडे. पण बापाचं असलं दुखणं, दार कसं वाजवायचं, म्हणून आपण बसून राहिलो. त्यांची लाज राखली आपण. माणूस राखला नाही.

हिंदुराव, मी ते पुन्हा करणार नाही. मला ते झेपणार नाही. तू गेलास तर माझ्याकडे भांडायलासुद्धा कुणी उरणार नाही. तुझ्याशी न बोलता काढलेली ही सगळी वर्षं मी तू आहेस या आधारावर काढली. तू रागावलेला का असेना, खडकवासल्याच्या रस्त्याला कुठेतरी आहेस, जेवतोस, कुणावर तरी ओरडतोस, एवढं मला पुरत होतं. आता ते पुरत नाही. मला तू जिवंत हवा आहेस. पाहिजे तर माझ्याशी बोलू नकोस, आणखी वीस वर्षं बोलू नकोस.

पावडर कालवून ठेवली आहे. चारला सुरू करायचं आहे. पेज मी स्वतः दोनदा गाळली, फडक्यातून.

मघाशी तू आतून तेजसला ओरडून सांगितलंस, "तिला म्हनावं जा. हे घर आता तिचं न्हाई." खरं आहे. उतारा तुझ्या एकट्याच्या नावावर होईल, सही माझीच आहे. मला इथून बाहेर काढायचा तुला पूर्ण हक्क आहे आणि मी एका शब्दानं अडवणार नाही. फक्त तेजसच्या सांगण्यानं मी उठणार नाही, चंपाच्याही नाही. मालकानं स्वतः यायचं, दंडाला धरायचं आणि काढायचं.

त्यासाठी तुला दार उघडावं लागेल. मी उंबऱ्याशीच पाट टाकून बसले आहे. तांब्या माझ्या हातात आहे.

आक्का